खेळाचें यंत्र आणि कामाचें यंत्र

घरांत नवा संगणक घ्यावयाचा ठरला म्हणजे जो वाद सुरू होतो, तो बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. चिरंजीवांस त्यावर खेळ खेळावयाचे असतात. वडिलांस किंवा थोरल्या बहिणीस चित्रफितींचें संकलन, इमारतींचे आराखडे, असें कांहीं तरी पोटापाण्याचें काम करावयाचें असतें. आणि पैसे मात्र एकाच यंत्रापुरते असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी मंडळी गेली म्हणजे दुकानदार पुष्कळदां किंमतीच्याहि आधीं विचारतो, 'गेमिंग कीं एडिटिंग?' 'दोन्ही' असें उत्तर दिलें कीं तो किंचित् हंसतो. तें हंसणें उद्धटपणाचें नसतें. ज्या प्रश्नावर दोन बलाढ्य कंपन्यांनीं आपली सारी पुंजी डावावर लावली आणि आळीपाळीनें हरल्या, तो प्रश्न हें कुटुंब एका दुपारीं सोडवूं पाहत असतें.

दोन प्रोसेसरांची तुलना हा विषय इतिहासाच्या निबंधास क्षुल्लक वाटेल. परंतु आम्हांस वाटतें कीं, एखाद्या तुलनेचा निकाल त्या दिवशीं काय लागला आणि पांच वर्षांनीं काय लागला, हें ताडून पाहण्यासारखा दुसरा इतिहास नाहीं. म्हणून आम्ही २०१७ सालचा मार्च महिना निवडतों. त्या वेळीं बाजारांत दोन प्रोसेसर समोरासमोर उभे होते : इंटेल कंपनीचा कोअर आय७-७७००के, आणि एएमडी कंपनीचा रायझन ७ १८००एक्स.

या दोन्ही कंपन्या एकाच घराण्यांतल्या. कॅलिफोर्नियांतील फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कारखान्यांतून रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर बाहेर पडले आणि जुलै १९६८ मध्यें त्यांनीं इंटेल काढली. त्याच कारखान्यांतून जेरी सँडर्स कांहीं सहकाऱ्यांसह निघाले व १ मे १९६९ रोजीं त्यांनीं एएमडीची स्थापना केली. नॉइस आणि मूर हे संशोधक, सँडर्स विक्रीखात्यांतले. आयबीएमनें १९८१ सालीं आपला सुप्रसिद्ध 'पर्सनल कॉम्प्यूटर' काढला, तेव्हां त्यांत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. मात्र कोणत्याहि भागासाठीं एकाच पुरवठादारावर विसंबून राहणें आयबीएमला मान्य नसल्यामुळें, १९८२ सालच्या कराराअन्वयें एएमडीसहि तेच प्रोसेसर बनविण्याची मुभा मिळाली. म्हणजे एएमडी या आखाड्यांत उतरली ती प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे, राखीव गडी म्हणून. पुढें ३८६ या प्रोसेसराच्या वेळीं इंटेलनें हात आखडता घेतला; एएमडीनें १९९१ सालीं आपला ३८६ स्वतः तयार करून विकावयास काढला; भांडण लवादापुढें व न्यायालयांत वर्षानुवर्षें चाललें आणि १९९५ सालीं तडजोडीनें मिटलें.

त्या भांडणाचा तपशील आम्ही येथें देत नाहीं, कारण तो वकिलांच्याच उपयोगाचा आहे. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंटेलचा पेंटियम घडविण्यांत ज्यांचा मोठा वांटा होता, ते पुण्यांत जन्मलेले विनोद धाम १९९५ सालीं इंटेल सोडून नेक्सजेन नांवाच्या एका लहान कंपनींत गेले. ती कंपनी एएमडीनें विकत घेतली, आणि १९९७ सालचा एएमडीचा के६ हा प्रोसेसर त्याच मंडळींच्या हातून उतरला. एकाच कारागिरानें दोन्ही छावण्यांसाठीं तोफा ओताव्या, असा हा प्रकार!

यापुढचीं दहा वर्षें गतीच्या वेडाचीं होतीं. प्रोसेसराचें काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालतें; एका सेकंदांत शंभर कोटि ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. हा पल्ला एएमडीनें ६ मार्च २००० रोजीं गांठला आणि इंटेलनें दोनच दिवसांनीं. इतक्या थोडक्यांत हरल्याचें शल्य इंटेलच्या मनांत राहिलें असावें, असें पेंटियम ४ कडे पाहून वाटतें. ठोक्यांची संख्या वाढावी म्हणून त्यांत प्रत्येक आज्ञेचें काम वीस लहान टप्प्यांत वांटलें होतें, आणि २००४ सालच्या आवृत्तींत तर एकतीस टप्प्यांत. ठोके वाढले, परंतु एका ठोक्यांत होणारें काम घटलें आणि यंत्र तापूं लागलें. तिकडे एएमडीनें २००३ सालीं ऑप्टेरॉन व ॲथलॉन ६४ हे चौसष्ट बिटांचे प्रोसेसर काढले. जुन्या आज्ञावली मोडीत न काढतां चौसष्ट बिटांकडे जाण्याची त्यांतील युक्ति इतकी सोयीची ठरली, कीं पुढच्याच वर्षीं खुद्द इंटेललाहि ती उचलावी लागली. शेवटीं २००६ सालीं इंटेलनें कोअर २ हा नवा प्रोसेसर आणून गेलेली बाजू पुन्हां सांवरली, आणि एएमडीचे वाईट दिवस सुरू झाले.

ठोके यापुढें फारसे वाढणार नाहींत, हें आतां दोघांनाहि कळून चुकलें होतें. उरला उपाय एकच : एका चिपेंत एकाऐवजीं अनेक प्रोसेसर बसविणें. बाजारांत ज्यास 'कोअर' म्हणतात, त्यास आम्ही गाभा म्हणूं. किती गाभे द्यावे, या एका प्रश्नावर पुढची सारी लढाई झाली.

एएमडीनें ऑक्टोबर २०११ मध्यें 'बुलडोझर' या नांवाखालीं आठ गाभ्यांचा एफएक्स-८१५० बाजारांत आणला. जग अनेक हातांनीं काम करूं लागणार, असा तिचा होरा होता. होरा चुकीचा नव्हता. पण तो फार लवकर केला होता आणि फार काटकसरीनें अमलांत आणला होता. त्या आठ गाभ्यांच्या चार जोड्या होत्या, आणि प्रत्येक जोडींत दशांश अपूर्णांकांचीं गणितें करणारा भाग दोघांत मिळून एकच! घरांत दोन चुली मांडाव्या आणि तवा एकच ठेवावा, त्यांतली ही गत. एकेकटा गाभा इंटेलच्या गाभ्याच्या मानानें इतका दुबळा होता, कीं एक ना धड भाराभर चिंध्या या म्हणीची आठवण व्हावी. अशा अर्धवट गाभ्यास गाभा म्हणावें कीं नाहीं, यावर अमेरिकेंत ग्राहकांनीं खटला भरला, आणि २०१९ सालीं एएमडीनें १ कोटि २१ लक्ष डॉलर देऊन तो मिटविला. २०१५ सालीं या कंपनीचा भाग दोन डॉलरांच्याहि खालीं गेला होता.

प्रतिस्पर्धी असा अंथरुणास खिळल्यावर इंटेलनें काय केलें? कांहींच केलें नाहीं, असें म्हटलें तर अन्याय होईल; तिचे गाभे दरवर्षीं थोडे थोडे सुधारत होते. परंतु मध्यम किंमतीच्या प्रोसेसरांत त्यांची संख्या चारच राहिली. जानेवारी २००७ मध्यें कोअर २ क्वाड क्यू६६०० आला, त्यांत चार गाभे होते. जानेवारी २०१७ मध्यें ७७००के आला, त्यांतहि चारच. आठ गाभे पाहिजे असतील त्यास आय७-६९००के घ्यावा लागे, आणि त्याची किंमत हजार डॉलरांहून अधिक होती. एखाद्या गांवांत एकच वाणी उरला म्हणजे तो भेसळ करीलच असें नाहीं, पण माप शीगोशीग भरण्याची संवय मात्र तो विसरतो.

मार्च २०१७ मध्यें आलेल्या रायझनचें महत्त्व या पार्श्वभूमीवरच कळतें. एएमडीनें जिम केलर यांस २०१२ सालीं परत बोलाविलें होतें, आणि ऑक्टोबर २०१४ पासून कंपनीचीं सूत्रें लिसा सू यांच्या हातीं होतीं. 'झेन' या नांवाची नवी रचना पायापासून उभारण्यांत आली. २ मार्च २०१७ रोजीं विक्रीस आलेल्या १८००एक्समध्यें आठ पुरे गाभे होते, प्रत्येकावर कामाचीं दोन सूत्रें एकाच वेळीं चालत, मूळ गति ३·६ गिगाहर्ट्झ होती आणि किंमत ४९९ डॉलर. ७७००के मध्यें चार गाभे, आठ सूत्रें, मूळ गति ४·२ व कमाल ४·५ गिगाहर्ट्झ; किंमत सुमारें ३४० डॉलर. याच सुमाराची, ३२९ डॉलरांची किंमत असलेला आठ गाभ्यांचा रायझन ७ १७०० हाहि त्याच दिवशीं आला. खरी तुलना त्याच्याशीं व्हावयास पाहिजे होती, असें आमचें मत आहे. परंतु लोकांचें लक्ष नेहमीं थोरल्या भावाकडेच जातें.

परीक्षकांनीं दोन्ही प्रोसेसर घासूनपुसून पाहिले, आणि निकाल असा लागला कीं ज्यानें त्यानें आपल्या सोयीप्रमाणें तो वाचावा. त्रिमिति चित्रें रंगविणें, चित्रफितींचें रूपांतर करणें, असल्या कामांत १८००एक्सनें ७७००के यास दीडपटीहूनहि अधिक अंतरानें मागें टाकलें. दुपटीहून महाग ६९००के शींहि तो बरोबरी करूं लागला. खेळांत मात्र ७७००केच पुढें राहिला. कांहीं खेळांत नांवापुरता, तर कांहींत डोळ्यांत भरण्याइतका. एकाकडे दुप्पट गाभे असून तो खेळांत हरतो, हें सामान्य ग्राहकास कोडें वाटलें, आणि तें आम्ही थोडें उलगडून सांगतों.

लग्नघरीं पोळ्या लाटावयास चारांऐवजीं आठ जणी बसल्या, तर पोळ्या निम्म्या वेळांत होतात. कारण एका पोळीचें दुसरीवांचून कांहीं अडत नाहीं. चित्र रंगविण्याचें काम या जातीचें आहे. चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक गाभ्याच्या वांट्यास वेगळा चौकोन देतां येतो. खेळाचें तसें नाहीं. खेळणाऱ्यानें कळ दाबली कीं त्या कळीचा अर्थ लावणें, त्यावरून पात्रांच्या हालचाली ठरविणें, टक्कर झाली कीं नाहीं हें पाहणें, आणि मग चित्र काढण्याचा हुकूम सोडणें, ही सारी सांखळी आहे. अलीकडची कडी झाल्याशिवाय पलीकडची होत नाहीं. शिवाय वेळेचा तगादा मोठा. पडद्यावरील चित्र सेकंदास ६० वेळां बदलावयाचें तर प्रत्येक चित्रास सतरा मिलिसेकंदांहूनहि थोडा कमी वेळ मिळतो. १४४ वेळां बदलावयाचें तर सात मिलिसेकंदहि मिळत नाहींत. चूल पेटविणाराच मंद असेल, तर लाटणाऱ्या आठ जणी हातावर हात ठेवून बसणार!

जीन ॲम्डाल यांनीं १९६७ सालींच या गोष्टीकडे लक्ष वेधलें होतें. एखाद्या कामाचा पांचवा हिस्सा वांटतां येण्यासारखा नसेल, तर चार गाभ्यांनीं तें काम अडीचपट लवकर होईल आणि आठांनीं सवातीनपटीहून किंचित् अधिक. गाभे दुप्पट झाले, पण लाभ तिसऱ्या हिश्शानेंच वाढला. आणि गाभे हजारों केले तरी पांचपटीच्या पलीकडे जातां यावयाचें नाहीं.

याखेरीज १८००एक्सच्या पोटांत आणखी एक वैगुण्य होतें, आणि तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्याचे आठ गाभे एका खोलींत नव्हते. चार माजघरांत आणि चार ओसरीवर, असे ते बसविले होते. प्रत्येक चौकडीजवळ आठ मेगाबाइटांची जलद स्मृति, म्हणजे कॅश, असे. पण एका चौकडींतील गाभ्यास दुसऱ्या चौकडींतील वस्तु हवी झाली तर मधल्या बोळांतून जावें लागे, आणि त्या बोळाची गति यंत्रांतील मुख्य स्मृतीच्या गतीशीं जखडलेली होती. मुख्य स्मृतीकडे जाणें तर त्याहून महाग. तेथून एखादा आंकडा येईपर्यंत प्रोसेसराचे तीन-चारशें ठोके फुकट जातात. रंगकाम करणारा गाभा आपला चौकोन घेऊन खोलींत बसतो, त्यास या बोळाची फारशी अडचण नाहीं. खेळाचीं सूत्रें मात्र सतत एकमेकांस हाका मारीत असतात. सारांश, खेळांतील फरक केवळ ठोक्यांचा नव्हता, वाट पाहण्याचाहि होता.

परीक्षकांच्या पद्धतीवरहि त्या वेळीं वाद झाला. ते बाजारांतील सर्वांत बलवान् चित्रपत्र, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, बसवीत आणि चित्राचा आकार मुद्दाम लहान ठेवीत, म्हणजे सर्व ताण प्रोसेसरावर यावा. एएमडीच्या बाजूचे म्हणत, 'असें खेळतो कोण? चित्र मोठें करा, म्हणजे फरक नाहींसा होतो.' हें खरें होतें. परीक्षक म्हणत, 'आज फरक झाकला, तरी उद्यां बलवान् चित्रपत्र आलें कीं तो उघडा पडेल.' हेंहि खरें होतें. तेव्हां आम्ही स्वतः परीक्षकांच्या बाजूचे होतों आणि आजहि आहों. कारण मापावयाची वस्तु एकटी केल्याशिवाय मापतां येत नाहीं. मात्र त्यांच्या तक्त्यांत एक गोष्ट येऊं शकत नव्हती : संगणकाचे खेळ लिहिणारांनीं दहा वर्षें बहुधा चारच गाभे पाहिले होते. आठ हात असतील असें गृहीत धरून संगणकाचे खेळ फारसे लिहिले जात नव्हते. 'ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या खेळाच्या कर्त्यांनीं त्याच मार्चच्या अखेरीस रायझनकरितां दुरुस्ती केली, तेव्हां त्या खेळाची गति लक्षांत येण्याइतकी वाढली. प्रोसेसर तोच होता, बदलला तो लिहिणाराचा हात.

त्या निकालाचा खरा परिणाम निराळ्याच ठिकाणीं दिसला. ऑक्टोबर २०१७ मध्यें, म्हणजे ७७००के येऊन वर्षहि झालें नव्हतें तोंच, इंटेलनें त्याच वर्गांत सहा गाभ्यांचा ८७००के आणला, आणि पुढच्या ऑक्टोबरांत आठ गाभ्यांचा ९९००के. दहा वर्षें जी गोष्ट झाली नव्हती ती वीस महिन्यांत दोनदां झाली. खेळांत हरलेल्या प्रोसेसरानें जिंकलेल्याच्या घराण्यांत गाभे वाढविले. ज्यांनीं कधीं रायझनला हात लावला नाहीं अशा लाखों ग्राहकांस त्याचा फायदा मिळाला. त्यांनीं त्याचे आभार मानल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

७७००के घेणाऱ्यास मात्र यांतलें कांहींच मिळालें नाहीं. ८७००के यास लागणाऱ्या बैठकीच्या टांचण्या तेवढ्याच होत्या, तरी जुन्या मदरबोर्डावर तो चालत नसे. नवा प्रोसेसर हवा तर मदरबोर्डहि नवा. १८००एक्सची एएम४ ही बैठक एएमडीनें पुढें पुष्कळ वर्षें चालविली. २०१९ सालीं तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या सात नॅनोमीटर पद्धतीनें केलेले, चिपेचे तुकडे जोडून उभारलेले प्रोसेसर त्याच बैठकीवर आले, आणि त्यांतील ३९५०एक्सला सोळा गाभे होते. नोव्हेंबर २०२० मध्यें माजघर आणि ओसरी यांमधली भिंत पडली. आठहि गाभे एकाच ३२ मेगाबाइटांच्या कॅशभोंवतीं बसले, आणि खेळांतील जुनी उणीव भरून निघाली.

२०२२ सालच्या एप्रिलांत आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा तर या कथेंतील सर्वांत गंमतीचा प्रोसेसर. त्यांत चिपेवर आणखी एक चिप चढवून कॅश ९६ मेगाबाइटांपर्यंत नेली होती. वरच्या मजल्यामुळें उष्णता कोंडूं नये म्हणून त्याची गति आपल्याच जुन्या भावंडापेक्षां, म्हणजे ५८००एक्सपेक्षां, कमी ठेवावी लागली. त्यामुळें रंगकामांत तो त्याच्या मागें पडला. पण खेळांत? तेथें तो त्याच्या कितीतरी पुढें गेला, कारण मुख्य स्मृतीची वाट पाहण्याचे प्रसंगच कमी झाले. इंटेलनें तत्पूर्वींच, नोव्हेंबर २०२१ मध्यें, १२९००के मध्यें आठ बलवान् व आठ लहान काटकसरी गाभे एकत्र बसविले होते : सांखळीच्या कामास बलवान्, पोळ्या लाटावयास लहान. दुकानदाराच्या त्या प्रश्नास दोन्ही कंपन्यांनीं अशी दोन वेगळीं उत्तरें दिलीं. एकीनें खेळासाठीं वेगळा प्रोसेसर काढला. दुसरीनें एकाच प्रोसेसरांत दोन जाती नांदविल्या.

एएमडीनें २०२२ सालीं, थोडे आढेवेढे घेऊन कां होईना, २०१७ च्या जुन्या मदरबोर्डांसहि नवे प्रोसेसर चालविण्याची परवानगी दिली. तेव्हां ज्या घरांत २०१७ सालीं कामासाठीं म्हणून १८००एक्स आणला होता, तेथें मदरबोर्डाच्या कर्त्यानें आवश्यक ती दुरुस्ती पुरविली असल्यास, तोच मदरबोर्ड ठेवून ५८००एक्स३डी बसवितां आला. आणि कामाचें यंत्र त्या काळच्या उत्तम खेळाच्या यंत्रांत जाऊन बसलें. मार्च २०१७ च्या कोणत्याहि तक्त्यांत या गोष्टीस रकाना नव्हता.

त्या दोन मूळ प्रतिस्पर्ध्यांचें पुढें काय झालें, तेंहि सांगून टाकतों. मायक्रोसॉफ्टनें २०२१ सालीं विंडोज ११ काढलें, तेव्हां तें कोणकोणत्या प्रोसेसरांवर चालेल याची यादी प्रसिद्ध केली. तींत इंटेलची सातवी पिढी, एखाददुसरा अपवाद वगळतां, नव्हती, आणि रायझनची पहिलीहि नव्हती. खेळांत जिंकलेला ७७००के आणि कामांत जिंकलेला १८००एक्स, दोघेहि एकाच दिवशीं दाराबाहेर राहिले. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमीची डागडुजीहि थांबली.